नागपूर ते मुंबई: विमानाने किती वेळ, रस्त्याने किती? पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

दिवाळी जवळ आली की मला नागपूरहून फोन येतात. कधी मामेभाऊ, कधी आईच्या शेजारच्या काकू. प्रश्न ठरलेला: "विमानाने दीड तास आणि समृद्धीने आठ तास, बरोबर ना?" दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण दीड तास आहे सोनेगावच्या विमानतळापासून मुंबईच्या विमानतळापर्यंतचा आणि आठ तास आहेत समृद्धी महामार्गाच्या दोन टोकांमधले, नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंतचे. तुम्ही निघणार असता मानेवाड्याहून किंवा जरीपटक्याहून, आणि पोहोचायचं असतं ठाणे, दादर नाहीतर नेरूळला. घराच्या दारापासून दुसऱ्या दारापर्यंत किती वेळ लागेल, हे काढायला शिकलात की तिकीट काढायचं की गाडी काढायची, हे आपोआप ठरतं.

माझं घर ठाण्यात आणि आई-बाबा मानेवाड्यात. त्यामुळे हा रस्ता आणि हे विमान दोन्ही अंगवळणी पडलंय. खालचा हिशेब मी दर वेळी याच क्रमाने करतो.

पायरी १: अंतर कुठून कुठपर्यंत मोजलंय ते बघा

नागपूर–मुंबई हे एकच अंतर नाही. दोन विमानतळांमधलं सरळ रेषेतलं हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आहे. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. रेल्वेने भुसावळमार्गे सीएसएमटीपर्यंत ८३७. आणि समृद्धी होण्याआधी आपण अमरावती-अकोला-जळगाव-धुळे-नाशिक करत जायचो, तो रस्ता आठशेच्या बराच वर.

६८३ आणि ७०१ शेजारी ठेवले की रस्ता जवळजवळ सरळ रेषेतच गेल्यासारखा वाटतो. पण ७०१ संपतात आमण्याला, भिवंडीजवळ. मुंबई विमानतळ तिथून पन्नासेक किलोमीटर पुढे आहे. नागपूरच्या टोकालाही विमानतळ ते शिवमडका हा दहाएक किलोमीटरचा तुकडा धरायला हवा. म्हणजे विमानतळ ते विमानतळ रस्त्याने साधारण ७६० किलोमीटर होतात, हवाई अंतराच्या सुमारे ११ टक्के जास्त. तरीही डोंगर आणि घाट मध्ये असताना एवढा सरळ रस्ता फार कमी ठिकाणी मिळेल.

पायरी २: हवाई अंतर स्वतः काढून बघा

हे जमलं की कुठल्याही दोन शहरांचं अंतर कागदावर काढता येतं. मुलांना सुट्टीत शिकवायलाही छान आहे.

मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.८७ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर विमानतळ २१.०९ आणि ७९.०५ वर. अक्षांशातला फरक २ अंश, रेखांशातला ६.१८ अंश. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, त्यामुळे उत्तर-दक्षिण अंतर झालं २२२. रेखांश मात्र ध्रुवाकडे जाताना जवळ येतात. आपल्या पट्ट्यात, म्हणजे विसाव्या अक्षांशाच्या आसपास, रेखांशाचा एक अंश साधारण १०४.५ किलोमीटरचा पडतो. ६.१८ गुणिले १०४.५ म्हणजे ६४६. आता शाळेतला काटकोन त्रिकोण आठवा: ६४६ चा वर्ग अधिक २२२ चा वर्ग, आणि बेरजेचं वर्गमूळ. उत्तर ६८३. एवढ्या अंतरासाठी ही रीत पुरेशी अचूक आहे. दिल्ली–लंडनसारख्या लांब पल्ल्याला ती चालणार नाही, तिथे पृथ्वीचा गोलावा हिशेबात घ्यावा लागतो.

या ६.१८ अंशांतून आणखी एक कामाची गोष्ट निघते. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात. म्हणजे नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण २५ मिनिटं आधी उगवतो आणि आधी मावळतो. घड्याळ एकच, पण उजेड वेगळा. निघायची वेळ ठरवताना याचा उपयोग होतो, तो पुढे सांगतो.

पायरी ३: विमानाचे तास मोजा

विमान हवेत असतं साधारण तास-सव्वा तास. तिकिटावर मात्र दीड ते पावणेदोन तास लिहिलेले असतात. यात कुठलीही लबाडी नाही. तो वेळ नागपूरला विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईला जागेवर लागेपर्यंतचा असतो. शिवाय मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमानं रांगेत घिरट्या घालतात. खिडकीतून खाली तीच टेकडी दुसऱ्यांदा दिसली तर घाबरू नका, आपली पाळी यायची असते.

पावसाळ्याच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी एक दिवस सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. तारीख आधी जाहीर होते. मे महिन्यात आणि पावसाळा संपल्यानंतरच्या दिवसांत तिकीट काढताना ती बघून घ्या. जुलैच्या मुसळधार पावसात तर दोन तास जादा धरूनच पुढच्या भेटी ठरवा.

देशांतर्गत विमानाचं सामान घेण्याचं काउंटर साधारण उड्डाणाच्या एक तास आधी बंद होतं आणि गेट वीस-पंचवीस मिनिटं आधी. नागपूरला दीड तास आधी पोहोचलं तरी चालतं, विमानतळ आटोपशीर आहे. मुंबईहून परत येताना दोन तास धरा. आणि तिकिटावर टर्मिनल वाचा. टी १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला आहे आणि टी २ सहारला. दोन्हींच्या मध्ये भर रहदारीचा रस्ता आहे. आता तर तिसरी शक्यताही आली आहे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेतलं आणि विमान उतरलं पनवेलजवळ, घर बोरिवलीला, असं झालं तर पुढचे दोन तास टॅक्सीतच जातात. नेरूळ, खारघर, पनवेलवाल्यांसाठी मात्र हाच विमानतळ सोयीचा.

नागपूरहून मुंबईला जाणारी पिशवी कधी हलकी नसते, म्हणून सामानाबद्दल थोडं जास्त सांगतो. हातातल्या बॅगेला बहुतेक कंपन्या ७ किलो देतात आणि खाली देण्याच्या बॅगेला १५. संत्री आणि संत्रा बर्फी हातात चालते. भिवापुरी मिरचीचं तिखट, सावजी मसाला हातातल्या बॅगेत चालत नाही, तो खालच्या बॅगेत घट्ट बांधून द्या. आईने बरणीत भरून दिलेलं लोणचंही खालीच. सुकं खोबरं तर खालच्या बॅगेतही अडवतात, कारण त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. पॉवर बँक मात्र उलट: ती फक्त हातातल्या बॅगेत. तपासणीच्या रांगेत एका आजींची तिखटाची पिशवी काढून घेताना मी पाहिली आहे. वर्षभराचं तिखट होतं ते. आधी कुणीतरी सांगायला हवं होतं, एवढंच सारखं वाटत राहिलं.

पायरी ४: समृद्धीचे तास मोजा

समृद्धी एका दिवसात सुरू झाला नाही. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. मग मे २०२३ मध्ये भरवीरपर्यंत, मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत, आणि ५ जून २०२५ ला शेवटचे ७६ किलोमीटर इगतपुरी ते आमणे. त्यामुळे कुणी २०२३ चा अनुभव सांगून "शिर्डीनंतर फार वेळ जातो" म्हणालं तर ती माहिती आता जुनी झाली. पूर्वी कसारा घाटात ट्रकमागे रेंगाळत जावं लागायचं. आता तिथे जवळजवळ आठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे आणि सहा-सात मिनिटांत तो पार होतो.

या रस्त्याचं एक सोपं गणित ध्यानात ठेवा. किलोमीटरचा शून्य शिवमडक्याला आहे. शिर्डीजवळचं कोकमठाण ५२०, भरवीर ६००, इगतपुरी ६२५, आमणे ७०१. बाजूच्या पाटीवरचा आकडा वाचला की आपण कुठे आहोत आणि किती राहिलंय ते लगेच कळतं. गाडी बंद पडली किंवा काही झालं तर मदत मागताना हाच आकडा सांगायचा, आणि आपण मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला आहोत की नागपूरकडे, तेही. दोन्ही बाजूंच्या मध्ये दुभाजक आहे. चुकीच्या बाजूला निघालेली रुग्णवाहिका पुढच्या इंटरचेंजपर्यंत, म्हणजे रस्त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागेपर्यंत, वळू शकत नाही.

कारला वेगमर्यादा ताशी १२० आहे, घाटात आणि बोगद्यात त्याहून कमी. पाट्या बघत चला. आता हिशेब: सरळ १२० ने ७०१ किलोमीटरला ५ तास ५० मिनिटं लागतात आणि १०० ने ७ तास. सबंध प्रवासात फरक सत्तर मिनिटांचा. त्यासाठी टायर तापवायचे, पेट्रोल जाळायचं आणि डोळे ताणायचे, हे मला पटत नाही. मी १०० वर ठेवतो. सरासरी ९५ च्या आसपास पडते, म्हणजे ७ तास २० मिनिटं. त्यात थांबे वेगळे धरायचे: दर दोन तासांनी पंधरा-वीस मिनिटं आणि एक जेवण. एक तास दहा मिनिटं तरी होतातच. सरकारी आठ तासांचा आकडा असाच येतो, पण त्यात कमी थांबे गृहीत आहेत.

हा प्रवेश-नियंत्रित रस्ता आहे. दुचाकी आणि रिक्षाला बंदी. टोल जिथे बाहेर पडाल तिथे, जेवढं अंतर तेवढाच कापला जातो. २०२५ मध्ये कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे दर होता, म्हणजे संपूर्ण रस्त्याला साधारण १,४४५ रुपये. फास्टॅगमध्ये निघण्याआधी दोन हजार ठेवा, म्हणजे टोलला अडचण येत नाही.

इंधनाचं गणित घरीच करा. गाडी लिटरला सरासरी १५ किलोमीटर देत असेल तर ७०१ किलोमीटरला ४७ लिटर लागतात. छोट्या गाड्यांच्या टाक्या ३२ ते ३७ लिटरच्या असतात. नागपूरला टाकी भरूनही वाटेत एकदा भरावी लागणारच. निम्म्यावर आली की पहिल्या पंपावर भरून घ्या, काटा लाल रेघेला जायची वाट बघू नका. खाण्याचंही तसंच. जुन्या रस्त्यावर दर दहा मिनिटांनी धाबा लागायचा, तसं इथे नाही. घरून पोळीभाजीचा डबा आणि भरपूर पाणी घ्या.

पायरी ५: आमणे ते घर

इथे नवख्या माणसाचा अंदाज सगळ्यात जास्त चुकतो, म्हणून ही पायरी वेगळी ठेवली. सहाशे-सातशे किलोमीटर सुसाट आल्यावर आमण्याला वाटतं, आलोच. मग मुंबई-नाशिक महामार्ग लागतो: राजनोली, माणकोली, खारेगाव, साकेतचा पूल, आणि मग ठाण्यातला माजिवडा. भिवंडीची गोदामं याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे कंटेनर आणि ट्रकची रांग कधी संपत नाही. आमणे ते माजिवडा अंतर पंचवीस-तीस किलोमीटर. दुपारी ५० मिनिटं लागतात. संध्याकाळी सहाला मला दोन तासही लागले आहेत. सकाळी मेहकरजवळ जेवढ्या वेळात मी दोनशे किलोमीटर मागे टाकले होते, तेवढ्याच वेळात इथे तीस.

पुढे दादरला जायचं तर पूर्व द्रुतगती मार्गाचा आणखी पाऊण ते सव्वा तास धरा. कल्याण, भिवंडी, शहापूरवाल्यांचं मात्र सोपं आहे, ते या गर्दीच्या अलीकडेच उतरतात.

पायरी ६: दोन्ही बेरजा शेजारी मांडा

माझ्याच घरांचा हिशेब देतो, मानेवाडा ते ठाणे. विमानाने: घर ते विमानतळ २५ मिनिटं, विमानतळावर दीड तास, तिकिटावरचा वेळ १ तास ३५ मिनिटं, उतरून बॅग घेऊन बाहेर येईपर्यंत ३५ मिनिटं, टी २ ते ठाणे १ तास १० मिनिटं. एकूण सव्वापाच तास. रस्त्याने: घर ते शिवमडका ४० मिनिटं, समृद्धी ७ तास २० मिनिटं, थांबे १ तास १० मिनिटं, आमणे ते ठाणे ५० मिनिटं. एकूण दहा तास.

ऐकताना दीड आणि आठ, म्हणजे पाचपटीहून जास्त फरक. प्रत्यक्षात सव्वापाच आणि दहा, जेमतेम दुप्पट. एकटा माणूस कामासाठी निघालाय, तर विमान. चौघांचं कुटुंब, सोबत आजी, बाळ आणि सामान, तर माझं मत गाडीकडे झुकतं. पाच हजारांच्या आसपास पेट्रोल आणि टोल मिळून सहा-साडेसहा हजारांत चौघे जातात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र दहा तास गाडीत बसवू नका, त्यांच्यासाठी विमान आणि व्हीलचेअर आधी सांगून ठेवा. आणि रात्रभर झोपून जायचं असेल तर दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेस आजही उत्तम आहे. रात्र झोपेत गेली की ते तास मी मोजतच नाही.

तुम्ही नागपूरचे नसाल तर बेरीज पुन्हा करा. वर्ध्याचा माणूस येळाकेळीला समृद्धीवर चढतो, त्याला नागपूरला यायची गरज नाही. मेहकर, सिंदखेड राजाच्या लोकांनी विमानासाठी मागे नागपूरला जाण्यात अर्थ नाही; छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ त्यांना जवळ. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरूनही एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं आहे. ते छोटं पंख्याचं विमान असतं आणि रोज नसतं, वार बघून ठरवा.

पायरी ७: निघायची वेळ ठरवा

नागपूरहून मुंबईला जाताना तोंड पश्चिमेला असतं. सकाळचा सूर्य पाठीशी, दुपारनंतरचा थेट डोळ्यांत. म्हणून पहाटे पाचला निघा. हिवाळ्यात कारंज्याच्या अलीकडे उजाडतं, नऊ-साडेनऊला जालन्याच्या अलीकडे कुठेतरी चहा होतो आणि सूर्य समोर उतरायच्या आत, दोन-अडीचला, आमणे येतं. माजिवड्याची संध्याकाळची गर्दीही चुकते. एकाच वेळेत दोन कामं.

मुंबईहून नागपूरला येताना उलटं. पहाटे निघालात तर भरवीर-शिर्डीच्या सपाट पट्ट्यात उगवता सूर्य काचेवर येतो. काच आतून-बाहेरून पुसून ठेवा, धुळकट काचेवर ऊन पडलं की समोरचं काही दिसत नाही. संध्याकाळी अंधाराचा हिशेब करताना ती २५ मिनिटं आठवा: ठाण्यात सातला उजेड असतो म्हणून तोच अंदाज वर्ध्याजवळ लावू नका, तिथे आधीच काळोख झालेला असतो.

रात्री गाडी चालवू नका, हे मी हात जोडून सांगतो. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. सरळ, गुळगुळीत, रिकाम्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही लक्ष विझतं. वळण नाही, गाव नाही, ब्रेक मारायचं कारण नाही. बाबा शेजारी बसले की दर अर्ध्या तासाने मला पाटीवरचा आकडा मोठ्याने विचारतात. सुरुवातीला मला ते जड जायचं. आता एकटा असलो तरी मी तो मोठ्याने वाचतो.

टायर निघण्याच्या आदल्या दिवशी बघा, पंपावर सकाळी गडबडीत नव्हे. हवा थंड टायरमध्ये मोजायची, दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे. भेगा पडलेले, झिजलेले टायर घेऊन सिमेंटच्या रस्त्यावर मे महिन्यात शंभरच्या वेगाने सात तास जाऊ नका. स्टेपनीतही हवा आहे ना, ते बघा. मागच्या सीटवरच्यांनाही पट्टा लावायला सांगा.

निघताना घरी "आठ तासांत पोहोचतो" असं सांगू नका. मी आईला वेळ सांगतच नाही, आकडा कळवतो: "दोनशे ओलांडले", "शिर्डी, ५२०", "बोगदा झाला". तिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे शून्य ते ७०१ लिहून ठेवलंय, आणि माझा मेसेज आला की ती एकेक आकड्यावर खूण करते.